घटक ७ : सोडचिठ्ठी, पाट आणि मागणी – एका अर्थक्षेत्राचा अभ्यास

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला 'अर्थक्षेत्र' ही संकल्पना मराठीतील एका जिवंत उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येईल. विवाह मोडणे आणि पुन्हा विवाह करणे यांविषयीच्या शब्दांचा इतिहास व त्यांतील विषमता दाखवून देता येईल. 'आपण' या सर्वनामाचे कार्य उलगडता येईल. आणि 'मागणी घालणे' या भाषिक कृतीच्या सिद्धीच्या अटी कोणत्या, हे सांगता येईल.

७.१ प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी देगलूर येथील एका संपर्क सत्रात अर्थविचार हा भाग शिकवून झाला आणि वर्ग पांगला. एक विद्यार्थिनी मागे थांबली. वय चाळिशीच्या आतबाहेर, नोकरी करणारी, न्यायालयातून रीतसर घटस्फोट घेतलेली, एका शाळकरी मुलीची आई. (तिच्या संमतीने हा प्रसंग येथे देत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.) तिने वहीच्या शेवटच्या पानावर तीन वाक्ये लिहून आणली होती :

(अ) तुम्ही माझ्याशी लग्न कराल का?
(आ) आपण लग्न करावं असं मला वाटतं.
(इ) आपलं जमंल का?

"मॅडम, यातलं कोणतं बरोबर आहे?" असे तिने विचारले. सवयीने मी सांगून टाकले की तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. तिसऱ्यात 'जमेल'ऐवजी 'जमंल' आले आहे, तेवढी बोली. ती म्हणाली, "शुद्ध आहेत ते मला बी माहीत आहे. यातलं कोणतं म्हणू?"

तिला ही वाक्ये एका गृहस्थांना म्हणायची होती. त्यांचाही पहिला संसार मोडला होता. दोघांची ओळख चार वर्षांची, बोलणे अजून 'तुम्ही-तुम्ही'चे. तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. हा घटक बऱ्याच अंशी त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे, असे समजण्यास हरकत नाही.

७.२ मोडण्याचे शब्द

अर्थाने एकमेकांशी जोडलेल्या, एकमेकांच्या सीमा ठरवणाऱ्या शब्दांच्या समूहाला आपण अर्थक्षेत्र म्हणतो. नातेवाचक शब्द आणि रंगवाचक शब्द ही त्याची नेहमीची उदाहरणे मागील घटकात आली आहेत. आता विवाहविच्छेदाचे क्षेत्र पाहू. मराठीत त्यासाठी किमान चार शब्द आहेत : काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, घटस्फोट. कोशात ते शेजारी शेजारी बसत असले तरी चौघांचे कुळ वेगळे आहे.

'काडीमोड' हा शब्द विधीतून आला. काडी मोडून दोन तुकडे करायचे; संबंध तुटल्याची ती सर्वांना दिसणारी खूण. येथे लिहिलेले काही नाही, पंचांसमोर केलेली कृती हाच पुरावा. 'सोडचिठ्ठी'त मात्र लेखन आले. 'सोड' हा धातू आणि 'चिठ्ठी' हे नाम मिळून झालेला हा सामासिक शब्द सांगतो की सुटकेला आता कागद हवा आहे. 'फारकत' (जुने रूप 'फारखत') हा फारसी दप्तराच्या भाषेतून आलेला शब्द. 'फारिग' म्हणजे मोकळा आणि 'खत' म्हणजे लेख. देणे-घेणे फिटले, आता हक्क राहिला नाही, असे लिहून देण्याचा तो दस्तऐवज. तो आधी व्यवहाराचा शब्द होता, विवाहाला नंतर लागू झाला. आजही दोन राजकीय पक्षांनी एकमेकांपासून 'फारकत घेतली' असे वृत्तपत्रे लिहितात, पण त्यांनी 'काडीमोड केली' असे लिहिले की वाचक हसतो. शब्दाने आपली पूर्वस्मृती कशी जपली आहे ते यावरून लक्षात यावे.

चौथा शब्द सर्वांत प्रतिष्ठित आणि माझ्या मते सर्वांत कठोर आहे. 'घटस्फोट' हा मुळात विवाहाशी संबंधित शब्दच नव्हे. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या व्यक्तीला ती जिवंत असतानाच मृतवत मानून जातीबाहेर काढण्याचा एक विधी आहे. त्यात पाण्याने भरलेला घट दासीकडून पायाने लवंडला जातो. तो घटस्फोट. म्हणजे बहिष्काराचा शब्द पुढे कायद्याच्या मराठीत विवाहविच्छेदासाठी रूढ झाला. संस्कृत असल्यामुळे तो सभ्य वाटतो, आणि मूळ अर्थ कोणाला आठवत नसल्यामुळे तो खपूनही जातो. शब्दाचा जुना अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे भाषाविज्ञान मानत नाही. व्युत्पत्ती म्हणजे नियती नव्हे. तरीही घटस्फोटित स्त्रीला हळदीकुंकवाच्या आमंत्रणातून वगळणाऱ्या गल्लीत राहून हा शब्द वापरताना त्यातल्या फुटक्या घटाचा आवाज अधूनमधून ऐकू येतो, हे नाकारता येत नाही.

देगलूर परिसरातील विद्यार्थ्यांना हा अभ्यास शेजारच्या भाषांत सहज पुढे नेता येईल. येथे तेलंगणाची सीमा जवळ, कर्नाटकाची त्याहून फार दूर नाही, आणि आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, कानडी, दखनी या चारही भाषा एकाच गाड्यावर ऐकू येतात. तेलुगूत घटस्फोटाला 'विडाकुलु' म्हणतात : 'विडु' म्हणजे सुटणे, 'आकु' म्हणजे पान. आपली काडी आणि त्यांचे पान यांतील सारखेपणा उघड आहे. उत्तर कर्नाटकाच्या कानडीत 'सोडचीटी' असे रूप आढळते; ते मराठीकडून गेलेले. दखनीत 'तलाक' आणि स्त्रीने मागितलेला 'खुला' असे दोन वेगळे शब्द आहेत. मागणारा कोण, यानुसार शब्द बदलतो. ही सोय मराठीच्या चारही शब्दांत नाही.

७.३ जोडण्याचे शब्द आणि त्यांतील रिकाम्या जागा

पुन्हा विवाह करण्यासाठी 'पुनर्विवाह' हा शब्द एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या लेखनातून रूढ झाला. १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला, त्या चर्चेचा तो शब्द. पण बहुजन समाजात ही गोष्ट नवी नव्हती. तिला 'पाट' आणि 'मोहतूर' (आपल्याकडे 'म्होतूर') असे जुने शब्द होते. 'मोहतूर' हे 'मुहूर्त' या संस्कृत शब्दाचे बदललेले रूप मानले जाते. जोडाक्षर फुटणे, मध्ये स्वर येणे आणि 'र'ने जागा बदलणे, या ध्वनिपरिवर्तनाच्या तीनही पायऱ्या तुम्ही दुसऱ्या घटकात पाहिल्या आहेत. मराठी राज्यकाळात पाट लावताना 'पाटदाम' नावाचा कर द्यावा लागे. कर लागू होतो याचा अर्थ राज्याला तो विवाह मान्य होता, एवढे त्या एका शब्दावरून कळते. मात्र 'लग्न लावणे' आणि 'पाट लावणे' असा भेद भाषेने कायम ठेवला : पहिले ते लग्न, दुसरे ते दुसरे काहीतरी.

या दुहेरी व्यवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे रखमाबाईंचे घर. त्यांची आई जयंतीबाई विधवा झाल्यावर जातीच्या रीतीनुसार तिचा पुनर्विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी होऊ शकला. पण लहानपणी लावून दिलेल्या लग्नातून स्वतः रखमाबाईंना बाहेर पडता येईना. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दाखल केलेला खटला १८८८ पर्यंत चालला आणि शेवटी दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी काम केले, आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. एकाच घरात आईसाठी शब्द होता, मुलीसाठी नव्हता. १९३४ साली विभावरी शिरूरकरांनी 'हिंदोळ्यावर' लिहिली तेव्हाही नवऱ्यापासून दूर राहणाऱ्या अचलेपुढे हीच भिंत होती. बडोदा संस्थानाने १९३१ साली आणि मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदूंच्या घटस्फोटाचे कायदे केले. देगलूर-नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने मुंबईचा कायदा येथवर पोहोचत नव्हता. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आल्यावर हा फरक मिटला.

आता रिकाम्या जागा पाहा. दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाला 'बिजवर' म्हणतात. त्यातला 'बीज' हा भाऊबीजेतलाच, 'द्वितीय'पासून आलेला. स्त्रीसाठी 'बिजवधू' असा शब्द कोणी वापरत नाही. ती 'दुसरेपणावर दिली' जाते. उलट 'परित्यक्ता' आणि 'टाकलेली' हे शब्द फक्त स्त्रीसाठी आहेत. 'टाकलेला नवरा' हा आपल्याकडे विनोदाचा विषय होतो. ॲड. निशा शिवूरकर यांनी आपल्या पुस्तकाला 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हे नाव दिले, त्यात ते कर्मणी विशेषण जाणून वापरले आहे. क्रियापदांतही हेच दिसते. मुलगी 'देतात', मुलगी 'करतात', स्थळ 'येते', सोयरीक 'जमते'. पहिल्या दोन्हींत स्त्री हे कर्म आहे. उरलेल्या दोन्हींत कोणीच कर्ता नाही, जणू सारे आपोआप घडते. 'मागणी घालणे' याला मात्र कर्ता लागतो, आणि रूढ वाक्यात तो वरपक्ष असतो.

म्हणून आमच्या विद्यार्थिनीची अडचण केवळ धैर्याची नव्हती. 'तिने त्यांना मागणी घातली' हे वाक्य व्याकरणात बसते, पण कानाला ते अनोळखी आहे. तिने सांगितले की मैत्रिणींत बोलताना ती 'प्रपोज करणे' म्हणते; पण त्या शब्दाबरोबर गुडघा टेकलेला तरुण आणि अंगठीची डबी येते, आणि सातवीतल्या मुलीच्या आईला ते चित्र आपले वाटत नाही. दखनी बोलणाऱ्या तिच्या शेजारणीकडे 'पैगाम' हा शब्द आहे : साधा निरोप. तो तिला आवडला होता.

७.४ 'आपण' : एका सर्वनामाची ताकद

तिची तीन वाक्ये पुन्हा वाचा. (अ) मध्ये 'तुम्ही' आणि 'मी' वेगळे उभे आहेत. प्रश्न सरळ आहे. उत्तर 'हो' किंवा 'नाही', तिसरी वाट नाही. (आ) मध्ये 'आपण' आले आहे, पण सारे 'मला वाटतं' या चौकटीत ठेवलेले. समोरच्याने काहीच उत्तर दिले नाही तरी संभाषण मोडत नाही. (इ) मध्ये 'लग्न' हा शब्दच नाही.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' यात ऐकणारा नसतो. 'आपण' यात तो असतो. पहिल्याला श्रोतृवर्जक आणि दुसऱ्याला श्रोतृसमावेशक म्हणतात. हिंदीच्या 'हम'मध्ये हा भेद नाही. तेलुगूत तो आहे : 'मेमु' म्हणजे आम्ही, 'मनम' म्हणजे आपण. आजच्या प्रमाण कानडीत 'नावु' हे एकच रूप दोन्हीकडे चालते. घरी तेलुगू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. मराठीला हा भेद द्राविडी शेजारामुळे मिळाला असे अनेक अभ्यासक मानतात.

पण 'आपण' आणखी एक काम करते : ते आदरार्थी द्वितीयपुरुषही आहे ('आपण कधी आलात?'). त्यामुळे 'तुम्ही'च्या पायरीवरून 'तू'च्या पायरीवर एकदम उतरायचे नसेल, तर मध्ये उभे राहायला 'आपण' ही जागा मिळते. आदर सुटत नाही आणि अंतरही कमी होते. मराठवाड्यात 'तुम्ही कधी आलाव?' असे विचारण्यात जी ऊब आहे ती पुण्याच्या 'आलात'मध्ये नाही असे येथील विद्यार्थी सांगतात; ते तपासण्यासारखे आहे, पण या घटकाचा विषय नव्हे.

ज्यांचा पहिला संसार मोडला आहे त्यांच्यासाठी 'आपण'चा परीघ हा खरा प्रश्न असतो. पंचविशीतले दोघे 'आपण' म्हणतात तेव्हा ते दोघेच असतात. चाळिशीत त्या शब्दाच्या आत-बाहेर मुले असतात, आधीच्या घरचे सणवार असतात, पोटगीची तारीख असते. 'माझी मुलगी' ही 'आपली मुलगी' कधी होईल, आणि तिच्या वडिलांच्या दृष्टीने ती 'आमची'च राहील का, हे सर्वनामांचे प्रश्न आहेत आणि घरांचेही.

७.५ मागणी : एक भाषिक कृती

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी हे दाखवून दिले की काही वाक्ये माहिती देत नाहीत, काम करतात. 'मी वचन देतो' असे म्हणणे हेच वचन देणे असते. अशी वाक्ये खरी-खोटी नसतात; ती सिद्ध होतात किंवा फसतात. सिद्ध होण्यासाठी योग्य व्यक्ती, योग्य रीत आणि पूर्वअटींची पूर्तता लागते. मागणी हीही अशीच भाषिक कृती आहे.

ब्राउन आणि लेव्हिन्सन यांच्या सौजन्यसिद्धान्ताचा येथे उपयोग होतो. प्रत्येक बोलणारा आपला आणि समोरच्याचा मान सांभाळतो, असे तो सिद्धान्त मानतो. मराठी माणसाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे : आपण 'शब्द टाकतो', तो 'खाली पडू नये' म्हणून जपतो, आणि पडला तर 'तोंडघशी पडतो'. शब्द टाकायला मध्यस्थ असतो तो यासाठीच. नकार मध्यस्थाला मिळतो, माणसाला नाही. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात विधुर धोंडो केशव कर्वे यांचा गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह झाला. गोदूबाई या त्यांच्या स्नेह्याची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. तो विवाहही वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून ठरला. इतका बंडखोर विवाह, पण मागणीची रीत जुनी.

अर्धशतकानंतर रीत बदलली. रमाबाईंच्या निधनानंतर बारा-तेरा वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांना स्वतः पत्रातून विचारले. वयातील अंतर आणि आपली प्रकृती यांचा त्यात त्यांनी स्वतःच उल्लेख केला, आणि नकार आला तरी आपण मनाला लावून घेणार नाही असे कळवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने हा विवाह झाला. त्या पत्राचे भाषिक महत्त्व माझ्या मते यात आहे की मागणी घालणाऱ्यानेच नकाराची वाट बांधून दिली. दुसऱ्या विवाहाच्या मागणीत ही गोष्ट अधिक मोलाची असते, कारण समोरची व्यक्ती एकदा 'हो' म्हणून पोळलेली असते.

पूर्वअटींकडे वळू, कारण आमच्या विद्यार्थिनीचे प्रकरण तेथेच अडले. १९५५ च्या कायद्यातील कलम ५ नुसार विवाहाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही पती वा पत्नी हयात असता कामा नये. अर्थात आधीचा विवाह कायद्याने संपलेला हवा. कलम १५ नुसार घटस्फोटाच्या हुकूमनाम्यावर अपील करण्याची मुदत संपल्यावर, किंवा केलेले अपील फेटाळले गेल्यावर, पुन्हा विवाह करता येतो. ही मुदत आता ९० दिवस आहे. (मूळ कायद्यात तर हुकूमनाम्यानंतर वर्षभर थांबावे लागे, १९७६ च्या दुरुस्तीने ती अट गेली. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब त्याच दुरुस्तीने आले.) १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

त्या गृहस्थांकडे हुकूमनामा नव्हता. त्यांच्याकडे होती बाँड पेपरवर लिहिलेली, दोन साक्षीदारांच्या सह्यांची सोडचिठ्ठी. 'माझी सोडचिठ्ठी झाली आहे' हे वाक्य ते अनेक वर्षे मनापासून खरे मानून म्हणत होते. कलम २९ (२) रूढीने मिळणाऱ्या विच्छेदाचा हक्क शाबूत ठेवते, हे खरे. पण तशी रूढी त्या समाजात चालत आलेली आहे हे सिद्ध करावे लागते, नुसत्या बाँडने ते होत नाही. ऑस्टिनच्या परिभाषेत सांगायचे तर शब्द उच्चारले गेले, कागद झाला, पण कृती घडलीच नाही. भाषाविज्ञानाचे उदाहरण म्हणून हे चोख आहे. त्या दोघांसाठी ते उदाहरण नव्हते.

७.६ चौथे वाक्य

तिने वहीतले एकही वाक्य वापरले नाही. पुढच्या सत्रात तिने सांगितले की बसस्थानकावर उदगीरच्या गाडीची वाट पाहताना ती म्हणाली, "आपल्या तिघांचं जमंल का?"

हे वाक्य (इ) सारखे आहे, पण 'तिघांचं' या एका शब्दाने 'आपण'चा परीघ आखून दिला. मुलगी आत आहे, ती नंतर सांगायची अट नाही. 'लग्न' हा शब्द नसल्याने नकार देणाऱ्यालाही 'गाडीत जागा मिळंल का बघू' असे म्हणून विषय टाळण्याची मोकळीक होती.

त्यांनी उत्तर दिले, "अप्पांना मी विचारू, का तुम्ही विचारताव?" अप्पा म्हणजे तिचे वडील. या उत्तरात 'हो' कोठेच नाही. एच. पी. ग्राइस यांनी ज्याला सूचितार्थ म्हटले तो हा : विचारायचे की नाही हा प्रश्न मागे पडला आहे आणि कोणी विचारायचे एवढाच उरला आहे; म्हणून होकार गृहीत धरला गेला आहे. शिवाय मध्यस्थाची जुनी रीतही परत आली, पण आता दोघांचे ठरल्यानंतर. बाँडची गोष्ट अप्पांनीच विचारली, वकिलाकडे तेच घेऊन गेले. गृहस्थांची पहिली पत्नी संमतीने अर्ज करायला तयार झाली. मी हा घटक लिहीत असताना तो अर्ज न्यायालयात आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'काडीमोड', 'सोडचिठ्ठी', 'फारकत' आणि 'घटस्फोट' या शब्दांपैकी कोणतेही दोन घेऊन त्यांच्या मूळ अर्थाचा आजच्या वापरावर दिसणारा परिणाम सोदाहरण लिहा.

२. 'तिने त्यांना मागणी घातली' हे वाक्य तुमच्या घरातील तीन पिढ्यांतील व्यक्तींना ऐकवा. त्यांच्या प्रतिक्रिया त्यांच्याच शब्दांत नोंदवा. प्रतिक्रिया सुधारून लिहू नका.

३. तुमच्या गावात पुन्हा लग्न केलेल्या स्त्रीसाठी व पुरुषासाठी कोणते शब्द वापरले जातात? घरी मराठीखेरीज दुसरी भाषा असल्यास तिच्यातलेही शब्द द्या. माहिती देणाऱ्यांची नावे लिहू नयेत.

४. 'अप्पांना मी विचारू, का तुम्ही विचारताव?' या उत्तराऐवजी त्या गृहस्थांनी 'बघू' एवढेच म्हटले असते, तर त्याचे कोणकोणते सूचितार्थ संभवले असते?